खालचा सूर

नारळ पिशवीतच राहू द्या काकू. उंबऱ्यावर नका ठेवू, आमच्या घरचे, पोरीचे बाबा, कामावरून आले का पहिले त्याइची नजर तिथंच जाते — मागं असाच एक नारळ दिसला तं उचलून सरळ नाल्यात फेकून आले. बसा न. त्या पेटीवर बसा, खाटीवर नको, खाटीची दोरी ढिली झाली. तुम्ही कायले आल्या ते मले सांगू नका, मी आता तोंड पाहूनच ओळखते, इतक्या बाया येऊन गेल्या. पण पहिलेच सांगून देते, ते आम्ही बंद केलं. पोरीले कोणी काही पुसाचं नाही. हळद-कुंकू नाही, ओटी नाही, पाया पडणं नाही, कोणीही येवो. तुमच्या गल्लीतल्या बड्या वामनरावच्या घरच्या आल्या तरी नाही. पाणी देऊ? नको? बरं, नको तं नको. बाहेर ऊन आहे म्हणून म्हटलं.

हो, पडद्यामागं तीच आहे. करकर आवाज आला न, तो तिच्या खुर्चीचा. तिच्या बाबानं केली, मिलमधल्या मोडक्या खोक्याच्या फळ्या आणून — कमरेले पट्टा, पुढं टेकाले फळी, अन् पायाच्या मधात ठोकळा, कारण पाय तिचे कैचीसारखे एकमेकावर चढतात. नाव पुष्पलता, आम्ही पुष्पी म्हणतो. दहावं लागलं तिले. जन्मली तेव्हा निळी पडली होती, रडलीच नाही. सेरेब्रल पाल्सी म्हणतात डॉक्टर लोक — जन्माच्या वेळेस डोक्याले हवा कमी पडली म्हणे, म्हणून हात, पाय, जीभ, काहीच तिच्या ताब्यात नाही. समजते मात्र सगळं. हे मी पहिल्यापासून सांगत होती, पण आईचं कोण ऐकते? आई तं म्हणणारच. लोक काय म्हणत ते तुम्हाले माहीत असन, तुमच्याच गल्लीतून आमच्यापर्यंत येत होतं — मागच्या जन्माचं भोगून राहिली. आमच्या घरचे त्यावर भडकायचे. म्हणत मागचा जन्म गिन्म काही नाही, दाई उशिरा आली एवढंच आहे.

अन् मंग यमुताई भेटल्या. धंतोलीत अपंग पोराइची एक लहानशी शाळा आहे, आणीबाणी उठली त्या साली सुरू झाली, दोन खोल्या अन् पुढं ओसरी. यमुताई पोरीइच्या शाळेत गाणं शिकवून रिटायर झाल्या, आता तिथं येऊन पेटी वाजवतात. मी पहिल्या दिवशी म्हटलं, ताई, ही बोलतच नाही, हिले गाणं शिकवून काय करता? त्या म्हणे गाणं नाही शिकवत, पाळी शिकवते. बोलणं म्हणजे काय, एकानं बोलायचं अन् दुसऱ्याची पाळी राखून ठेवायची. पेटी एकदम हळू वाजवत — जोरात आवाज झाला का पुष्पी पूर्ण अंगानं दचकते, हात फेकते. रोज तीच एक चाल, लेकराइची, साधी, अन् शेवटचा सूर वाजवायच्याच नाही. भाता तसाच धरून बसायच्या. अन् मी काय करे? मीच म्हणून टाके तो सूर. मले सहनच होत नव्हतं, सगळे पोरीच्या तोंडाकडं पाहून राहिले अन् पोरगी काही करत नाही, लाज वाटे — नाही, लाज नाही, कसंतरी वाटे. एक दिवस यमुताई उठल्या अन् त्याइनं माह्या तोंडावर हातच ठेवला. म्हणे तुम्ही दर वेळेस तिची पाळी खाता. मले लय लागलं ते. मी ओसरीत जाऊन बसली. अन् मी ओसरीत बसली असतानाच अंदरून आवाज आला — आ — बरोबर त्याच जागी, त्याच सुरात. मी नव्हती तेव्हाच आला.

मंग त्याच आवाजाचे दोन झाले. मान वर करून काढते तो वरचा सूर, तो म्हणजे हो. छातीतून घुमवून काढते तो खालचा, तो म्हणजे नाही. बस, एवढंच तिचं बोलणं. पण सवाल पुसला का थांबा लागते काकू, चांगलं थांबा लागते. पहिले सगळं अंग ताठ होते, तोंड वाकडं होते, लाळ गळते, पाहणाऱ्याले वाटते पोरीले फीट येऊन राहिली, अन् मंग सूर येते. आमच्या घरचे गायन पार्टीत बुलबुल तरंग वाजवतात, चौदा एप्रिलले त्याइची पार्टी पहाटेपर्यंत गाते. त्याइनं बुलबुलवर तीच चाल बसवली. मिलमधून आले का हातपाय धुवून पहिले तिच्यासमोर बसत, अन् शेवटचा सूर तिच्यासाठी ठेवत. तेव्हाचं आमचं घर तुम्ही पाहाले पाहिजे होतं.

पहिलं ‘नाही’ मलेच भेटलं. दूध-केळाले. जन्मापासून मी तिले दुधात केळं कुस्करून भरवून राहिली, कोणी आलं का सांगे, आमच्या पुष्पीले दूध-केळं लय आवडते. त्या दिवशी सहज पुसलं, खातं का वं पुष्पे — खालचा सूर. म्हटलं चुकली असन. परत पुसलं. खालचाच. भात देऊ? वरचा. मी हसली, अन् मंग चुलीपाशी जाऊन रडली. इतकी वर्षं लेकरू मुकाट्यानं गिळून राहिलं होतं, अन् मी चमचा घेऊन बसली होती आवडते आवडते म्हणत. पण ते रडणं चांगलं होतं काकू. सगळ्याइच्या पोरी आईले नाही म्हणतात, पाय आपटतात, माहीच कधी म्हणत नव्हती. पिवळा फ्रॉक नाही, लाल. अंदर नाही, बाहेर. दिवसभर मी पुसत राहे, अन् ती खालचा सूर देत राहे अन् मले मजा वाटे.

तं मंग हे सगळं कुठून निघालं म्हणता? सिंधूताईपासून निघालं. ही आमची शेजारीण. तिच्या पोराले, कवडूले, मिलमध्ये चिकटवाची खटपट चालली होती, तिनं गमतीनं पुसलं, सांग वं पुष्पे, लागन का माह्या कवडूले नोकरी? आता पुष्पीले कवडू आवडते, तो तिले मांडीवर घेऊन रस्त्यावरच्या गाड्या दाखवते, त्याचं नाव ऐकूनच तिनं मान वर केली अन् वरचा सूर दिला. अन् कवडूले नोकरी लागली. झालं. सिंधूताईनं कोणाले सांगतलं नाही ते पुसा. पहिले आमच्याच वस्तीतल्या बाया आल्या, मंग नाल्याच्या तिकडच्या, तुमच्या. मंगळवारी, शुक्रवारी, माणसं कामावर गेली का. पोरीचं लग्न जमन का, सून नांदाले येइन का, हरवलेली बोरमाळ घरातच आहे का. नारळ ठेवत, उदबत्ती लावत, धुरानं पोट्टी खोकलत राहे. पुष्पीमाता म्हणाले लागल्या. एक दिवस कुंकू डोळ्यात गेलं तिच्या, अन् तिले काही डोळा चोळता येत नाही.

मी काही घेत नव्हती कोणाचं. पैसे ठेवले तं परत करत होती, तुळसाबाईले पुसा, तुमच्या भिंतीले भिंत आहे तिची. मंग काहून येऊ देत होती? — तुम्ही पुसलं नाही, पण तुमच्या मनात आलं असन. पाणी, काकू. उन्हातानात येत त्या, बोलता बोलता मी माठातलं गिलास पुढं करे, अन् पीत. इकडं-तिकडं पाहत, पण पीत. माह्या माठातलं. तुळसाबाईनं तं दुसऱ्यांदा मागून घेतलं. अन् जाताना पुष्पीच्या पायावर डोकं ठेवत, त्या वाकड्या पायावर, ज्या पायाले पाहून रस्त्यानं तोंड फिरवत होत्या. मी भिंतीले टेकून उभी राही अन् पाहे. कोण कोण आलं ते मले बरोबर ध्यानात आहे. तुमच्या गल्लीतलं हरेक घर येऊन गेलं, एक तुम्हीच राहिल्या होत्या.

घरच्याइले कळाले वेळ लागला, ते दिवसपाळीत. एक दिवस मिलमध्ये सूतच आलं नाही म्हणून दुपारीच परत आले, तं पोरीच्या कपाळभर कुंकू, समोर नारळ, अन् बायाइची रांग. बाया भराभर उठून गेल्या. ते ओरडले नाही. ओलं फडकं घेतलं, तिचं कपाळ पुसलं, हळू हळू, कानामागंही पुसलं. मंग मले म्हणाले, “कौशल्या, माह्या बापानं छप्पन साली घरातले देव टोपल्यात भरले अन् सक्करदऱ्याच्या तळ्यात टाकले. तू घरात देवी बसवली.” मी म्हटलं, ज्याइनं आपल्याले कधी दारात उभं केलं नाही ते पाया पडून राहिले, तुम्हाले समजत नाही का? ते म्हणाले, “उद्या आपल्या घरी लग्न निघालं तं त्या येतील का जेवाले?” तरी मी बंद नाही केलं. बायाइले फक्त सांगतलं का मागच्या दारानं येत जा — हे त्याइले माहीत नाही हो, तुम्ही कुठं बोलू नका.

मंग तो कान झाला. ताप भरला पोरीले, रडून रडून गळा बसला. मी पुसलं पोट दुखते का वं? वरचा सूर. डोकं? वरचा. दात? वरचा. पाय? वरचा. मी म्हटलं, पुष्पे, काहीच दुखत नाही का? तरी वरचा. रडते अन् मान वर करून वरचा सूर देते, अन् माह्या तोंडाकडं पाहते. तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. तिले समजलं होतं न — वरचा दिला का बाया हात जोडतात, खूश होतात, आई हसते. खालचा दिला का तोंडं उतरतात. एका बाईले एकदा खालचा दिला होता, ती इथंच, तुम्ही बसल्या तिथंच, रडाले लागली, अन् मी मागून पुष्पीवर डोळे वटारले. एकदाच वटारले. पोट्टीनं ते धरून ठेवलं. पोरीले कडेवर घेऊन मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात गेली, डॉक्टर भला होता, बत्ती लावून सगळं पाहिलं त्यानं, तं कान पुवानं भरलेला. म्हणे हिले सांगता येत नाही का कुठं दुखते ते? काय सांगू मी त्याले. येत होतं, काकू. औषधानं कान बरा झाला, पण त्या बाजूनं तिले थोडं कमी ऐकू येते असं यमुताई म्हणतात.

यमुताईले मी सगळं सांगतलं. मले वाटलं रागवतील, पण त्याइनं पेटी बंद केली. मंग म्हणे, तिचं ‘नाही’ गेलं तं तिच्या ‘हो’ले आता कोण विचारते. चला, परत पहिल्यापासून सुरू करू. बाहेरच्यानं कोणी पुसाचं नाही. अन् तुम्ही तिच्या मनातलं तेवढंच पुसा, अन् जवाब कोणताही आला तरी तोंड सारखं ठेवा. हसू नका, हिरमुसू नका. तोंड सारखं ठेवणं किती कठीण आहे, करून पाहा एक दिवस. बाया बंद केल्या, मागचं दारही बंद केलं. रोज संध्याकाळी घरचे बुलबुल घेऊन बसतात, पहिलेसारखे. थंडी गेली, ऊन लागलं, पण अजून एक खालचा सूर नाही. मी वाटीत दूध-केळं घेते, पुसते खातं का — वरचा. मी भरवते. ती गिळते. ती गिळते न काकू, अन् माह्याकडं पाहत राहते, अन् मी तोंड सारखं ठेवून बसते. मले काही नको आता, कोणी पाया नको पडू, कोणी पाणी नको पिऊ, मले तिचं एक ‘नाही’ पाहिजे फक्त. रातच्याले पण तेच डोक्यात असते.

काय म्हटलं? ऐकू आलं, पण परत सांगा. नातू? तुमच्या विश्वनाथचा पोरगा? — मान धरत नाही? दोन वर्षाचा होऊन? मले तं माहीतच नाही, तुमच्या घरी लेकरू आहे एवढं ऐकलं होतं, दिसलं कधी नाही. अंदरच ठेवता. अच्छा. म्हणजे सुनेलेही बाहेर — अच्छा. तं तुम्ही पुष्पीले हे पुसाले आल्या, का तो बोलन का.

तुम्हाले नळ आठवते का काकू? आमच्याकडचा नळ सुकला होता त्या उन्हाळ्यात, अन् मी पुष्पीले कडेवर घेऊन तुमच्या गल्लीच्या नळावर आली होती. तुम्ही भांडल्या नाही, खरं सांगते, भरू दिलं पाणी. फक्त मी निघाली अन् तुम्ही राख घेऊन तोटी घासाले बसल्या. पुष्पीची लाळ गळून राहिली होती, तं तुम्ही म्हटलं, असलं लेकरू बाहेर कायले आणते वं. नाही आठवत? मले आठवते. राख कोणत्या हातात होती तेही आठवते. मी बाकीच्याइची वाट नव्हती पाहत, त्या आपोआप आल्या. मी तं तेव्हापासून ह्याचीच वाट पाहून राहिली का एक दिवस ही बाई माह्या पोरीसमोर — जाऊ द्या. जाऊ द्या, तुम्ही रडू नका.

नाही, थांबा, जाऊ नका. पुसून घ्या. हो, मीच म्हणते, पुसून घ्या. मिलचा भोंगा व्हाले वेळ आहे अजून, घरचे येत नाहीत, अन् यमुताईले कोण सांगाले जाते. पण पहिले हे पाणी घ्या. घ्या, धरा. मंग नारळ काढा, तिच्या पायापाशी ठेवा, अन् डोकं टेकवा, जसं तुळसाबाईनं टेकवलं तसं. भिऊ नका, ती वरचाच सूर देइन, आता सगळ्याले तोच देते. नातू बोलन म्हणून सांगन ती, अन् तुम्ही खुशीनं घरी जासान, अन् मी — घ्या न, गिलास धरा. मी पडदा सरकवते. हे पाहा, ही माही पुष्पी. लाळ आहे थोडी, पुसते. पुष्पे, ह्या काकू आल्या वं. तुले काही पुसाचं म्हणतात. पुसू देऊ का त्याइले?

बोलू नका काकू. थांबा. वेळ लागते तिले, सांगतलं न — अंग ताठ होऊ द्या — तुम्हीही तोंड सारखं ठेवा — आता येइन —

…

नाही. नाही, खालचा नसन तो. घसा बसला असन तिचा. पुष्पे, आई परत पुसते हं, आई रागवत नाही. पुसू देऊ का काकूले?

…

खालचाच. काकू, उठा. नारळ घ्या, पिशवीत टाका. मी रागावली नाही तुमच्यावर, खरंच नाही, गिलास तिथंच राहू द्या. नातवाले धंतोलीत न्या, यमुताई सोमवारी असतात, गुरुवारी असतात, अन् सुनेले सोबत न्या, तिले बसू द्या समोर. शेवटचा सूर तुम्ही नका म्हणू, कितीही वाटलं तरी नका म्हणू. आता जा. दार लोटून घ्या. ती माह्याकडं पाहून राहिली काकू, मले तोंड सारखं ठेवाचं आहे.